ऑक्सिटोसिनचा फवारा आणि स्वमग्न किशोर: एका आशेची पार्श्वभूमी

धार काढायला बसण्याआधी वासराला गाईखाली सोडतात. ते कासेला दोन-चार ढुशा देतं, सड चोखू लागतं आणि गाय पान्हा सोडते. वासरू दगावलं असेल तर गाय पान्हा चोरते. अशा वेळी काही तबेल्यांत एक इंजेक्शन टोचलं जातं. ते असतं ऑक्सिटोसिनचं. प्रसूतीच्या वेळी कळा वाढाव्यात म्हणून सलाईनमधून जे औषध देतात, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी जे हाताशी ठेवतात, तेही हेच. जनावरांवर गैरवापर होतो म्हणून केंद्र सरकारने 2018 मध्ये खासगी कंपन्यांना त्याच्या उत्पादनाची बंदी केली. बाळंतिणींसाठी हे औषध कमी पडलं तर काय, असा प्रश्न उभा राहिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

मराठीत पान्हा हा शब्द फक्त दुधापुरता कधीच नव्हता. माया दाटून आली की पान्हा फुटतो, असं आपण सहज म्हणतो. त्यामुळे याच रसायनाला कोणी ‘प्रेमाचं हार्मोन’ म्हटलं की आपल्याला ते लगेच पटतं. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या आईवडिलांना तर ते फारच पटतं. नाकात फवारा मारला की मूल डोळ्यांत पाहू लागेल, ही आशा गेली वीस वर्षं जगभरातल्या घरांत फिरते आहे. ती कुठून आली आणि तिचं काय झालं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

1906 मध्ये हेन्री डेल लंडनच्या प्रयोगशाळेत काम करत होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गाभण मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं, हे त्यांना दिसलं. पुढे तीनच वर्षांत विल्यम ब्लेअर-बेल यांनी असा अर्क बाळंतपणात वापरला. तो दूधही उतरवतो, हेही लवकरच कळलं. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी न्यूयॉर्कमध्ये या रेणूची रचना उलगडली आणि तो प्रयोगशाळेत तयार केला. नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. कृत्रिम ऑक्सिटोसिन आलं तसा त्याचा नाकात मारायचा फवाराही आला, तो दूध उतरत नसलेल्या आयांसाठी. पुढे मेंदूच्या संशोधकांना जे साधन हवं होतं ते असं आयतंच तयार होतं.

तोवर हे सगळं गर्भाशय आणि स्तनांपुरतं होतं. 1979 मध्ये पेडरसन आणि प्रांज या अमेरिकन संशोधकांनी कधीही न व्यालेल्या उंदरांच्या माद्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणी परक्या पिल्लांना चाटू लागल्या, उचलून घरट्यात आणू लागल्या. मग आले प्रेअरी व्होल. उंदरासारखा हा प्राणी जोडीने राहतो, तर त्याचाच डोंगराळ भागातला भाऊबंद जोडी करत नाही. दोघांच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे हे रसायन पेशीवर जिथे चिकटतं त्या जागा) वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, हे थॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शापिरो यांनी 1992 मध्ये दाखवलं. जोडीचं रहस्य सापडलं, असंच सर्वांना वाटलं. (2023 मध्ये जनुकबदल करून हे ग्राहकच काढून टाकलेल्या व्होलांनीही जोड्या जमवल्या, पिल्लं वाढवली. पण ही फार पुढची गोष्ट.)

दुसऱ्या बाजूला स्वमग्नतेचा इतिहास चालू होता. 1943 मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी बाल्टिमोरहून अशा 11 मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर जवळजवळ दोन दशकं आईला दोष देण्यात गेली. आई थंड, माया न करणारी, म्हणून मूल असं झालं, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत. किती आयांनी हे निमूट ऐकून घेतलं असेल, याचा विचार केला तरी पोटात तुटतं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी, ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, हा सिद्धांत खोडून काढला आणि कारण मेंदूत शोधा असं ठणकावलं.

हे दोन धागे नव्वदच्या दशकात एकत्र आले. 1998 मध्ये बॉस्टनच्या एका गटाने 29 स्वमग्न मुलांच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजलं. ते इतर मुलांपेक्षा सरासरीने कमी भरलं. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या एरिक हॉलंडर यांच्या गटाने 15 स्वमग्न प्रौढांना शिरेतून ऑक्सिटोसिन दिलं आणि तेच ते पुन्हा करण्याच्या कृती कमी झाल्याचं नोंदवलं. आणि 2005 मध्ये झुरिकचा तो गाजलेला प्रयोग आला: फवारा मारलेले पुरुष परक्या माणसावर जास्त विश्वास टाकून पैसे लावतात. वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. 2020 मध्ये तोच प्रयोग जास्त माणसांवर काटेकोरपणे केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही, ही बातमी मात्र कोपऱ्यात गेली.

किशोरवयीन मुलांवरचं काम सुरू झालं ते सिडनीत. 2010 मध्ये अ‍ॅडम ग्वास्टेला यांच्या गटाने 12 ते 19 वयाच्या 16 स्वमग्न मुलग्यांना एकदा ऑक्सिटोसिनचा आणि एकदा नुसता फवारा दिला आणि त्यांच्यापुढे ‘डोळ्यांतून मन वाचा’ ही चाचणी ठेवली. चेहऱ्याच्या फोटोतली फक्त डोळ्यांची पट्टी दिसते. भुवया, पापण्या, नजर. बाजूला काही शब्द: घाबरलेला, विचारात पडलेला, चिडलेला, कंटाळलेला. त्यातला एक निवडायचा. ऑक्सिटोसिन घेतलेल्या दिवशी मुलांची उत्तरं थोडी जास्त बरोबर आली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लिऑनला 13 स्वमग्न प्रौढ चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे जास्त वेळ पाहताना आढळले.

मग 2013 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा अभ्यास आला, ज्याचा दाखला आजही सर्वांत जास्त दिला जातो. इलानित गॉर्डन, केविन पेल्फ्री आणि सहकाऱ्यांनी साडेसोळा वर्षांपर्यंतची 17 स्वमग्न मुलं निवडली. सर्वांत लहान मूल 8 वर्षांचं. प्रत्येक मूल दोनदा आलं. एकदा नाकात ऑक्सिटोसिन, एकदा औषध नसलेला फवारा, आणि कोणत्या दिवशी काय ते ना मुलाला माहीत, ना तपासणाऱ्याला. मग मेंदूचं काम टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्राच्या बोगद्यात आडवं व्हायचं. आत ठकठक, घरघर असा कर्कश आवाज, डोकं तसूभर हलवायचं नाही. समोरच्या पडद्यावर कधी डोळ्यांची पट्टी येई आणि भावना ओळखायची असे, कधी वाहनाचं चित्र येई आणि ते कोणतं वाहन ते सांगायचं असे.

ऑक्सिटोसिनच्या दिवशी डोळे पाहताना मेंदूच्या काही भागांतलं काम वाढलं होतं: बक्षीस, आनंद यांच्याशी जोडलेला स्ट्रायटम, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेताना कामाला लागणारा कपाळामागचा मधला भाग, नजर आणि हालचाल टिपणारी कानामागची खाच. त्यांतल्या काही भागांत वाहनं पाहताना काम उलट कमी झालं. म्हणजे मेंदू माणूस आणि वस्तू यांच्यात नेहमीपेक्षा ठळक फरक करत होता. ही खरोखर सुंदर नोंद आहे आणि ती मिळवायला या मुलांनी जी चिकाटी दाखवली तिचं मला फार कौतुक वाटतं.

पण त्याच शोधनिबंधात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती. मुलांची उत्तरं सुधारली नव्हती. मेंदूत फरक दिसला, ओळखण्यात नाही. ‘मेंदू उजळला’ हा मथळा सगळीकडे पोचला, हे वाक्य नाही पोचलं. आणि उजळणं तरी काय असतं? यंत्र मोजतं ते रक्तातल्या प्राणवायूचे बारीक चढउतार. रंग नंतर संगणकावर भरतात, दोन स्थितींतला फरक जिथे पुरेसा मोठा तिथे. शिवाय बोगद्यात शांत पडून राहू शकणारी, सूचना समजणारी मुलंच तिथवर पोचतात. ज्यांना शब्दच फुटलेले नाहीत त्यांच्या मेंदूविषयी त्या चित्रातून काहीच कळत नाही.

संशोधकांनी स्वतः तो उपचार असल्याचा दावा केला नव्हता. पुढची पायरी म्हणून रोज फवारा देऊन पाहण्याच्या चाचण्या झाल्या. ग्वास्टेला यांनीच 2015 मध्ये 12 ते 18 वयाच्या 50 मुलग्यांना आठ आठवडे दिवसातून दोनदा फवारा दिला, काहींना ऑक्सिटोसिनचा, काहींना औषध नसलेला. फायदा दिसला नाही. ज्या पालकांना आपल्या मुलाला खरं औषध मिळतंय असं वाटत होतं, त्यांनी जास्त सुधारणा नोंदवली. मग बाटलीत काहीही असो. हे वाचून पालकांना भोळं ठरवू नये. रोज डोळ्यांत तेल घालून मुलाकडे बघणाऱ्या माणसाला लहानसा बदलही दिसतो, आणि मुलं तशीही वाढतच असतात. 1998-99 मध्ये सिक्रेटिन या दुसऱ्या हार्मोनच्या बाबतीतही असंच घडलं होतं. चाचणीत ते निरुपयोगी ठरल्यावरही बहुतेक पालकांना ते हवंच होतं.

2017 मध्ये स्टॅनफर्डच्या 32 मुलांवरच्या अभ्यासाने पुन्हा आशा जागवली: ज्यांच्या रक्तात मुळात ऑक्सिटोसिन कमी, त्यांना फायदा जास्त. शेवटी 2021 मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतली 7 केंद्रं, 3 ते 17 वयाची 290 मुलं, 24 आठवडे, आणि यात कमी बोलणारी मुलंही होती. ऑक्सिटोसिन घेणारा आणि औषध नसलेला फवारा घेणारा, अशा दोन्ही गटांत किंचित सुधारणा झाली, जवळजवळ सारखीच. सुरुवातीला रक्तात ऑक्सिटोसिन किती होतं, याने काही फरक पडला नाही. त्यामुळे आज कोणी हा फवारा स्वमग्नतेवरचा उपचार म्हणून विकत असेल, तर त्याच्यामागे पुरावा उभा नाही. एवढं पालकांना निःसंदिग्धपणे सांगायलाच हवं.

मला मात्र या सगळ्यात त्या डोळ्यांच्या चाचणीतला प्रश्नच जास्त खटकतो. आपण मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. स्वतःत मग्न. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच, स्व. जणू दार आतून बंद आहे आणि किल्ली बाहेरून लावायची आहे. डोळ्यांच्या पट्टीची परीक्षाही तेच धरून चालते: फोटो बिगरस्वमग्न माणसाचा, उत्तर बिगरस्वमग्न परीक्षकांनी ठरवलेलं, आणि चूक नेहमी समोरच्या मुलाची. 2012 मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जे स्वतः स्वमग्न आहेत, हे गृहीतक उलटं करून पाहिलं. ते म्हणाले, समजून घेण्यातली अडचण दोन्हीकडून असते. स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही.

एडिंबरा विद्यापीठातल्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये हे एका खेळातून तपासलं. आपल्याकडे मुलं कानगोष्टी खेळतात तसंच. आठ माणसांची एक साखळी, पहिल्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. काही साखळ्या फक्त स्वमग्न माणसांच्या, काही फक्त इतरांच्या, काहींत एकाआड एक. स्वमग्न माणसांच्या साखळीतून गोष्ट शेवटपर्यंत इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोचली. तपशील भराभर गळाले ते मिश्र साखळ्यांत.