मिक्सरची पिन माइकच्या सॉकेटला लावण्याआधी हे वाचा
(टेपवर भजन, कीर्तन, मैफल रेकॉर्ड करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

दर गणेशोत्सवानंतर दुकानात एकच तक्रार येते : "लेव्हलचा काटा लालमध्ये गेला नव्हता, तरी आवाज फाटलाय. साफ करून द्या." मशीन उघडून पाहावं तर हेड स्वच्छ, पट्टा नवा, मोटर ठीक. मंडपातल्या साउंडवाल्याकडून मिक्सरचा आउट (सगळ्या माइकचा एकत्र केलेला आवाज) घेतलेला असतो आणि ती पिन थेट माइकच्या सॉकेटमध्ये घातलेली असते.

साध्या माइकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. मिक्सरच्या आउटला साधारण एक व्होल्ट असतो, म्हणजे काही शे पट जास्त. सॉकेटच्या मागे बसलेल्या छोट्या अॅम्प्लिफायरला एवढं पेलत नाही. आवाजाच्या लाटेचे शेंडे तिथेच छाटले जातात. बहुतेक डेकमध्ये लेव्हलची खुंटी या अॅम्प्लिफायरच्या नंतर येते. म्हणून खुंटी कमी केली की काटा खाली उतरतो, पण आवाज फाटलेलाच राहतो, फक्त हळू फाटलेला. लेव्हल आपोआप बसवणाऱ्या लहान रेकॉर्डरवर तर फसगत लवकर कळतही नाही.

मागे एका भजनी मंडळाची कॅसेट आली होती. मंडळातल्या सर्वांत वयस्कर बुवांचा तो शेवटचा कार्यक्रम. पखवाजाची थाप पडली की अभंगाचा शब्द चिरत होता, प्रत्येक थापेला. दोन दिवस बसलो. थोडी खरखर कमी झाली, शब्द काही परत आले नाहीत. जे टेपवर उतरलंच नाही ते आम्ही कुठून आणणार? तेव्हापासून फाटलेलं रेकॉर्डिंग "साफ" करण्याचं काम आम्ही आधी ऐकल्याशिवाय घेत नाही. काहींना हे आखडूपणाचं वाटतं, पण उगाच पैसे घेण्यापेक्षा ते बरं.

उपाय सोपा आहे. मशीनला मागे "लाइन इन" हे जोरदार सिग्नलसाठीचं सॉकेट असेल तर पिन तिथे लावा. नसेल तर मधे पॅडची तार लागते. तीत १० किलोओहम आणि १०० ओहम असे दोन रेझिस्टर असतात, सिग्नल शंभरपट खाली येतो. सोल्डरिंग येत असेल तर घरी करा, आम्ही जोडणी कागदावर काढून देऊ. नाहीतर आमच्याकडे तयार मिळते. भाड्याच्या रेकॉर्डरबरोबर ती आम्ही देतोच, वेगळे पैसे नाहीत, आणि ती नको म्हणणाऱ्याला रेकॉर्डरही देत नाही.

खरं सांगायचं तर लहान बैठकीला मिक्सरचा आउट घेऊच नये. साउंडवाला सभागृहासाठी आवाज जुळवतो. तबला मुळातच मोठा ऐकू येतो म्हणून तो स्पीकरला कमी देतो, आणि तुमच्या टेपवर तबला लांब कुठेतरी वाजतो. एक माइक गायकापासून चार-पाच फुटांवर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला ठेवा. स्पीकरसमोर नको, पंख्याखाली नको. तंबोरेही छान येतात.

कॅसेट सी-९० घ्या. एका बाजूला ४५ मिनिटं मिळतात, बडा ख्याल बहुधा मावतो. सी-१२० आम्ही विकत नाही, तिची टेप फार पातळ, जुन्या मशीनमध्ये रोलरला गुंडाळते. रेकॉर्डिंग झाल्यावर कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही टिकल्या मोडून टाका, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. कलावंताची परवानगी मात्र आधी घ्या. कायद्यानेही तो त्यांचा हक्क आहे.

"फोन असताना टेप कशाला?" असंही विचारतात. टेपला थोडा जास्त आवाज सोसतो, तार सप्तकातली तान एकदम तुटत नाही, हळूच दबते. पण ती टेपपर्यंत धड पोचली पाहिजे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मशीन आणि तुमची तार दोन्ही घेऊन या. दुकानातल्या मिक्सरवर दहा मिनिटं रेकॉर्ड करून तुमच्यासमोर ऐकवतो. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.