हिवाळ्यातील घरगुती ऊर्जाबचत

थंडीच्या दिवसांत घर उबदार ठेवणे, पाणी तापवणे, लवकर अंधारून येत असल्याने दिवे जास्त वेळ लावणे, या सगळ्यांना लागणारी वीज व इंधन कमी करण्याचे उपाय. कडक थंडीच्या प्रदेशांत घरातली सर्वाधिक ऊर्जा खोल्या तापवण्यात जाते, त्यामुळे खरी बचतही तिथेच होते. मोबाइलचा चार्जर आठवणीने काढून ठेवणारी मंडळी खिडकीच्या फटीकडे मात्र काणाडोळा करतात.

एक मीटर लांबीच्या चौकटीखाली दोन मिलिमीटरची फट राहिली, तर ती भिंतीला पाच सेंटीमीटर व्यासाचे भोक पाडल्याइतकीच भरते. वारा असलेल्या दिवशी पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवावी. धूर जिथे वाकडा होतो तिथे फट आहे. (पडदे आधी बाजूला करावेत.) फटीला रबरी किंवा फोमची पट्टी आणि दाराखाली कापडाची गुंडाळी पुरते. काचेतूनही उष्णता बरीच जाते. दुहेरी काचेत अडकलेली स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने ही गळती एकेरी काचेच्या जवळपास निम्म्यावर येते. रात्री ओढलेल्या जाड पडद्याचाही थोडा उपयोग होतो. छताला उष्णतारोधक थर देणे खर्चिक, पण परिणाम टिकाऊ.

‘हीटर बंद केला तर घर पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालूच राहू द्यावा’ हा समज साध्या हीटरच्या बाबतीत चुकीचा आहे. आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरक जितका कमी, तितकी उष्णता हळू निसटते. घर थंड असतानाच्या तासांत वाचलेली ऊर्जा पुन्हा तापवताना पूर्ण खर्च होत नाही. साधे विजेचे हीटर, जाहिरात काहीही म्हणो, एका युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतात. उष्णता पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचतो, म्हणून सौम्य थंडीत एका युनिटमागे तीनच्या आसपास युनिटे देऊ शकतो. खोलीऐवजी माणसालाच ऊब देणे सर्वांत स्वस्त: २,००० वॉटच्या हीटरपुढे विजेचे पांघरूण १०० वॉटच्या आसपास घेते, आणि स्वेटर काहीच घेत नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. वीस लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंश सेल्सिअसवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागते. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिल्यास त्याच्या चौपट. साठवणीच्या गीझरचे तापमान मात्र फार उतरवू नये. कोमट साठ्यात लिजिओनेला हे फुप्फुसांचा आजार करणारे जिवाणू वाढतात, म्हणून तो साधारण ६० अंशांवर ठेवतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये समशीतोष्ण व थंड प्रदेशांतील घरांसाठी किमान १८ अंश तापमानाची शिफारस केली. वृद्ध, लहान मुले व आजारी यांना त्याहून अधिक ऊब लागू शकते. सगळ्या फटी बुजवून वायुवीजन थांबले, तर बाष्प थंड भिंतींवर साचून बुरशी धरते. बंद खोलीत शेगडी वा कोळसा पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.