तगड्या संघांशी फ्रेंडली (राष्ट्रीय फुटबॉल)

मोठ्या स्पर्धेआधी राष्ट्रीय संघ आपल्याहून वरचढ किंवा निदान तोडीस तोड संघाशी मुद्दाम सामना ठरवतो, त्याला तगडी फ्रेंडली म्हणायचं. कागदावर नाव मैत्रीपूर्ण सामना. पॉइंट नाहीत, कप नाही, हरलं तरी कुठून बाहेर जायचं नाही, त्यामुळे कोचला चुका करून बघायची मुभा मिळते.

दुबळ्या संघाला चार-पाच गोल मारले की बातमी छान होते पण बचावफळीची परीक्षाच होत नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. बॉल आपल्याच पायात असला की कुठलाही संघ बरा दिसतो, तो नसताना काय होतं, ७० मिनिटांनंतर दमल्यावर मधल्या फळीत किती भगदाडं पडतात, अंगावर माणूस आला की गोलकीपर बॉल कुठे भिरकावतो, हे समोर तगडं कोणी आल्याशिवाय कळत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २००२ च्या वर्ल्ड कपचा सहयजमान दक्षिण कोरिया. त्याआधी पाच वर्ल्ड कपमध्ये १४ मॅच आणि एकही विजय नाही. डच कोच गुस हिडिंक आला आणि संघाला बड्यांसमोर उभं करत राहिला. मे २००१ मध्ये फ्रान्सकडून ०-५ (ही फ्रेंडली नव्हती, कॉन्फेडरेशन्स कप होता), ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताकाकडून फ्रेंडलीत परत ०-५, लोक इतके वैतागले की पाच-शून्य हेच त्याचं टोपणनाव पडलं. माणूस बधला नाही. मे २००२ मध्ये स्कॉटलंडला ४-१ हरवलं, इंग्लंडशी १-१, आणि तेव्हाच्या जगज्जेत्या फ्रान्सशी २-३ अशी निसटती हार, म्हणजे वर्षभरात पाच गोलांचं अंतर एकावर आलं, आणि मग पोलंड, पोर्तुगाल, इटली, स्पेन यांना मागे टाकत संघ थेट सेमीफायनलला. अर्थात सगळं श्रेय फ्रेंडलींना देता येणार नाही, खेळाडूंना लांबलचक कॅम्पसाठी क्लबांनी मोकळं सोडलं होतं आणि घरचं मैदानही होतं.

उलट बाजूला २०२२ चा यजमान कतार. स्पर्धेच्या तोंडावर होंडुरास, पनामा यांच्याशी सामने खेळले, जिंकलेही, आणि मग गटातले तिन्ही सामने हरले. यजमानाला क्वालिफायर (पात्रता सामने) खेळावे लागत नाहीत म्हणून त्याला खऱ्या दमाच्या मॅचची टंचाई जास्तच जाणवते.

पण अशी मॅच ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. क्लबांनी खेळाडू सोडायचे ते फिफाच्या ठरलेल्या विंडोत, म्हणजे राष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत, त्यातही २०१८ पासून युरोपातले संघ नेशन्स लीगमध्ये (युरोपातल्या राष्ट्रीय संघांची आपसातली स्पर्धा) अडकले, त्यामुळे बाकी खंडांना युरोपियन प्रतिस्पर्धी मिळणं अवघड झालं. बडे संघ यायचे पैसेही घेतात.

रँकिंगचाही घोळ होता. जुन्या फिफा पद्धतीत सरासरी धरायचे आणि फ्रेंडलीचं वजन कमी, म्हणजे जिंकूनही सरासरी खाली यायची. पोलंडनं फ्रेंडली जवळपास टाळून २०१८ च्या वर्ल्ड कपचे गट पाडायच्या ड्रॉमध्ये पहिल्या पॉटमध्ये, म्हणजे वरच्या रँकिंगच्या संघांत, जागा मिळवली, हुशारीच म्हणायची, फक्त वर्ल्ड कपला गटात शेवटचा नंबर आला. ऑगस्ट २०१८ पासूनच्या पद्धतीत ती पळवाट राहिली नाही, आणि आपल्यापेक्षा बऱ्याच वरच्या संघाकडून हरलं तर पॉइंटही थोडेच जातात.

हार कधी परवडते हा खरा प्रश्न. मार्च २००६ मध्ये इटलीनं जर्मनीला ४-१ असं धुतलं, जर्मनीचा कोच क्लिन्समनवर चौफेर टीका झाली, पण वर्ल्ड कप जूनमध्ये होता, सावरायला वेळ मिळाला आणि जर्मनी तिसरी आली (सेमीफायनलला हरवलं ते परत इटलीनंच). स्पर्धेला आठवडा राहिला असताना असा मार बसला तर दुरुस्ती कधी करणार, म्हणून बरेच कोच कठीण मॅच आधी उरकतात आणि शेवटची जरा हलकी ठेवतात.

हलकी म्हणजे सुरक्षित असं मात्र नाही. जून २००६ मध्ये चीनविरुद्धच्या फ्रेंडलीत फ्रान्सच्या जिब्रिल सिसेचा पाय मोडला, जून २०१४ मध्ये आर्मेनियाविरुद्ध जर्मनीचा मार्को रॉइस जखमी झाला, आणि दोघांचाही वर्ल्ड कप हुकला.