जुन्या पिकअपला पाच गिअरचा बॉक्स बसवायचा आहे? गाडी आणण्याआधी वाचा

इंजिन ठणठणीत, पण चार गिअरचा बॉक्स गेलेला. अशा पिकअपला नंतरच्या मॉडेलचा पाच गिअरचा बॉक्स बसतो, आणि आम्ही तो बसवूनही देतो. मात्र सगळ्यांनाच तो परवडत नाही.

जुन्या बॉक्सचा चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिनचा एक फेरा तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचाही एकच. पाचवा समजा ०.८५ चा असला, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे ०.८५ फेरे, तर ज्या वेगाला इंजिन २,५०० फेरे घ्यायचं, तिथे ते २,१२५ घेईल. वरूड-मोर्शीचा संत्रा घेऊन नागपूरच्या कळमन्यात जाणाऱ्याला यात फायदा आहे. इंजिनचा आवाज कमी होतो, थोडं डिझेलही वाचतं. पण शेतातला कापूस जवळच्या जिनिंगला टाकणं एवढंच काम असेल, तर पाचवा पडणार कधी? भरली गाडी तो चढावर ओढतही नाही. अशा भाऊंना आम्ही जुनाच बॉक्स खोलून बेरिंग आणि सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या पितळी रिंगा) बदलायला सांगतो. आमचं बिल कमी होतं, होऊ द्या.

भंगारातून स्वस्तात बॉक्स आणून "फक्त बसवून द्या" म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, की खरा खर्च बॉक्सच्या आजूबाजूला आहे. घेताना तेलाचा बूच काढून थोडं तेल बोटावर चोळून बघा. पिवळी चकाकी दिसली तर सिंक्रो रिंगा झिजल्या आहेत. लोखंडाचे तुकडे निघाले तर तो बॉक्स तिथेच ठेवा. पक्कं बिल मागा.

आमच्याकडे आधी क्लच प्लेट हाताने बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर (इंजिनकडच्या दांड्यावर) सरकवून बघतात. अडकता कामा नये, डुलताही कामा नये. शाफ्टचं टोक क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकाशी असलेल्या पायलट बेरिंगमध्ये नीट पोचलं पाहिजे. लांब असेल तर ते क्रँकला टेकतं, आखूड असेल तर अधांतरी राहतं. हाउसिंगचे (बॉक्सच्या बाहेरच्या कवचाचे) बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेणारे मिस्त्री आहेत. त्यात हाउसिंगचा कान तुटतो, नाहीतर बेरिंग लवकर ओरडायला लागतं. बॉक्स हाताने बसला पाहिजे, बोल्ट नंतर.

पुढे फाउंडेशनचा, म्हणजे बॉक्स ज्यावर टेकतो तो, आडवा पट्टा नव्याने करावा लागतो. प्रोपेलर शाफ्टची (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी बदलते. तो कापून जोडला की बॅलन्सिंग हवंच, नाहीतर वेगात गाडी थरथरते आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) जातात. जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबल आणि नव्या बॉक्सला सेन्सर असेल तर त्याचीही सोय करावी लागते. पहिल्या गिअरचं प्रमाण तपासल्याशिवाय आम्ही हो म्हणत नाही. तो जुन्यापेक्षा उंच, म्हणजे प्रमाणाचा आकडा कमी, असला तर भरली गाडी उचलताना क्लच जळतो.

तेल बॉक्सच्या कंपनीने सांगितलेलंच टाका. "घट्ट तेल चांगलं" हे इथे चालत नाही. काही जीएल-५ (गिअर तेलाचा एक दर्जा) तेलं पितळी सिंक्रो रिंगा खातात.

कागदाचंही बघा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.

गाडी रिकामी आणा, खालचा चिखल धुऊन आणा. दसऱ्यानंतर कापसाची घाई सुरू होते, तेव्हा हे काम आम्ही घेत नाही, उन्हाळ्यात या. गाडी नेताना ड्रायव्हरला सोबत आणा. रिव्हर्सची जागा बदललेली असू शकते, ती त्याच्या हाताला बसेपर्यंत आम्ही आवारातच गाडी फिरवायला लावतो.