पायाच्या अंगठ्याच्या संधिवातावरील शस्त्रक्रिया

पायाचा अंगठा चवड्याला जिथे मिळतो, त्या बुडाच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजली की सांधा दुखू लागतो आणि हळूहळू आखडतो. वैद्यकात याला हॅलक्स रिजिडस, म्हणजे ताठर अंगठा, म्हणतात. निरोगी अंगठा वरच्या बाजूला साधारण ६५ ते ७५ अंश वाकतो. हा वाक गेला की चढण चढणे, टाचा उचलून उकिडवे बसणे, सूर्यनमस्कारात पाय मागे नेणे, सगळेच दुखरे होते. सांध्यावर हाडाचा टणक उंचवटा येतो आणि बूट नेमका तिथेच घासतो. गाउटलाही, म्हणजे युरिक आम्लाच्या स्फटिकांमुळे होणाऱ्या संधिवातालाही, हाच सांधा प्रिय. पण गाउटमध्ये तो एका रात्रीत लालभडक सुजतो, झिजेचे दुखणे वर्षानुवर्षे कुरकुरत राहते.

कडक तळव्याची पादत्राणे, वेदनाशामके, सांध्यातले स्टिरॉइडचे इंजेक्शन यांनी भागले नाही, तरच शस्त्रक्रिया करतात. झीज थोडी असेल तर चिलेक्टॉमी पुरते. ग्रीकमधल्या 'ओठ' या शब्दावरून आलेले हे नाव. सांध्याचा ओठासारखा पुढे आलेला काठ छाटायचा, सोबत चवड्याच्या हाडाच्या डोक्याचा वरचा पाव ते तीस टक्के भागही काढायचा. सांधा शाबूत राहतो, मात्र आतली झीज पुढे चालूच राहू शकते.

कूर्चा पार संपली असेल तर सांधा कायमचा जोडतात (आर्थ्रोडेसिस). गुडघ्याच्या अनुभवावरून हे उलटे वाटेल, पण अंगठ्याच्या बाबतीत सांधा बदलण्यापेक्षा तो बंद करणेच अधिक भरवशाचे ठरले आहे. उरलेली कूर्चा खरवडून एका हाडाला गोळ्याचा, दुसऱ्याला वाटीचा आकार देतात आणि प्लेट-स्क्रूंनी दोन्ही आवळतात. खरे कसब कोन साधण्यात. अंगठा जमिनीपासून किंचित उचललेला हवा; ते पाहायला अनेक शल्यचिकित्सक हत्यारांच्या डब्याचे सपाट झाकण तळव्याला लावून पाहतात. कोन कमी पडला तर अंगठ्याचे टोक जमिनीवर रुतते, जास्त झाला तर नख बुटाला लागते. उंच टाचांना मात्र रामराम. धूम्रपान करणाऱ्यांची हाडे जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाहीत.

कृत्रिम सांध्यांचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. सिलिकॉनच्या सांध्यांचे कण झडून आजूबाजूचे हाड पोखरले जाई. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले कार्टिव्हा हे हायड्रोजेलचे (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ, लवचिक पदार्थाचे) रोपण अपेक्षेपेक्षा जास्त बिघडत असल्याने २०२४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. केलर यांची १९०४ सालची पद्धत, म्हणजे अंगठ्याच्या हाडाचा बुडखाच काढून टाकणे, आता फार न चालणाऱ्या वृद्धांपुरती उरली आहे. तिने अंगठा आखूड आणि लुळा होतो.

सांधा जोडल्यावर साधारण सहा आठवडे खास बूट घालून टाचेवर भार देत चालावे लागते. सूज पुरती उतरायला कित्येक महिने जातात, तोवर नव्या चपलांचे माप न घेतलेलेच बरे.