ब्लेड उडवत नाही, घेतलेलं परत करतं

1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये कार्ल लुईसने लांब उडीचं सुवर्णपदक जिंकलं ते 8.72 मीटरवर. जून 2023 मध्ये जर्मनीच्या मार्कुस रेमनेही बरोबर 8.72 मीटर उडी मारली. रेमला उजवा पाय गुडघ्याच्या खाली नाही. तिथे कार्बन फायबरचं वाकडं ब्लेड असतं आणि फळीवरून तो उडतो तेही त्याच पायाने. 1992 ते 2024 या काळातल्या एकाही ऑलिंपिकमध्ये लांब उडीचं सुवर्ण मिळवायला एवढं अंतर लागलेलं नाही.

रेमच्या उडीचा व्हिडिओ कुणालाही दाखवला की दोनपैकी एक उद्गार हमखास ऐकू येतो. "त्याला काय, स्प्रिंग लावलीय!" हा पहिला. "देव एक गोष्ट काढून घेतो तेव्हा दुसरी भरभरून देतो," हा दुसरा. मला दोन्ही सारखेच खटकतात, कारण दोन्हींत त्या माणसाच्या मेहनतीचं श्रेय भलत्याच कुणाला तरी जातं.

आधी स्प्रिंगचं बघू. ब्लेडमध्ये मोटर नसते, बॅटरी नसते. कार्बन फायबरचे पातळ थर रेझिनमध्ये एकावर एक बसवून, उष्णता आणि दाब देऊन ते घडवतात. चेंडू हातातून नुसता सोडला तर तो सोडलेल्या उंचीपेक्षा वर कधीच उसळत नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा शाळेतला तोच नियम ब्लेडलाही लागू आहे. ढोबळ हिशेब करू. खेळाडूचं वजन 80 किलो धरा. पळताना ब्लेडवर वजनाच्या तिप्पट, म्हणजे साधारण 2400 न्यूटन बल आलं आणि ब्लेड 8 सेंटिमीटर दबलं असं समजा. स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा म्हणजे बल गुणिले दबलेलं अंतर, त्याचं निम्मं: 96 ज्यूल. एवढ्या ऊर्जेत 80 किलोचं शरीर जेमतेम 12 सेंटिमीटर वर उचललं जाईल. ब्लेडने त्यातले 90 टक्के परत केले तरी 86 ज्यूल हाती येतात, बाकीचे उष्णतेत जातात. आणि मुळातले 96 ज्यूल कुठून आले? त्याच खेळाडूच्या धावेतून.

जिवंत पायातही स्प्रिंग असतेच. टाचेमागची जाड कंडरा ताणली जाते आणि 90 टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत देते. पण तिच्या मागे पोटरीचा स्नायू आहे आणि तो इंजिन आहे. प्रत्येक पावलाला तो नवी ऊर्जा घालतो. शर्यतीच्या सुरुवातीला हा फरक उघडा पडतो. ब्लेड अजून दबलेलंच नसतं. काही घेतलंच नाही तर परत काय देणार? म्हणून ब्लेडवरच्या धावपटूला पहिली काही पावलं जड जातात.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या गोष्टीकडे येतो: कडकपणा. पळणारा माणूस म्हणजे स्प्रिंगवर ठेवलेलं वजन असं मानलं, तर पाय जमिनीवर टेकलेला राहण्याचा वेळ हा वस्तुमान भागिले कडकपणा याच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. वेळ निम्मा करायचा तर कडकपणा चौपट हवा. अव्वल धावपटूचा पाय पूर्ण वेगात जमिनीवर जेमतेम एक दशांश सेकंद टेकतो, म्हणजे वेग वाढेल तशी स्प्रिंग कडक व्हायला हवी. जिवंत पाय हे करतो, तेही जमिनीला लागायच्या आधीच. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेव्हा अंगभर जो हादरा बसतो तो आठवा. पायाचा कडकपणा मेंदूने त्या नसलेल्या पायरीसाठी लावून ठेवलेला असतो.

ब्लेडचा कडकपणा मात्र कारखान्यातच ठरतो. मग ही जुळवाजुळव करायची कुणी? मांडीने, कमरेने आणि मेंदूने. एकाच पायात ब्लेड असेल तर काम आणखी कठीण, कारण शरीराखाली आळीपाळीने दोन वेगळ्या स्प्रिंगा येत राहतात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वेगाने पळताना ब्लेडचा पाय जमिनीवर धडधाकट पायापेक्षा सुमारे 9 टक्के कमी बल लावतो असं आढळलं. वळणावर आणखी एक गंमत आहे. ट्रॅकवर डावीकडे वळत पळतात, त्यामुळे डावा पाय आतल्या बाजूला येतो. ब्लेड आतल्या पायात असेल, तर ते बाहेरच्या पायात असतानाच्या तुलनेत वेग जवळपास 4 टक्क्यांनी कमी भरतो. चारशे मीटरमध्ये अर्ध्याहून जास्त अंतर वळणाचंच असतं.

लांब उडीत हिशेब थोडा फिरतो. फळीवर धावेचा आडवा वेग क्षणार्धात उभ्या वेगात वळवावा लागतो. त्या धक्क्यात धडधाकट खेळाडूचे स्नायू ताणले जातात आणि बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. ब्लेडमध्ये ती कमी वाया जाते. जर्मनी, अमेरिका आणि जपानच्या संशोधकांनी 2016 मध्ये हे मोजलं: ब्लेडवाल्यांची धाव संथ, पण उसळी जास्त कार्यक्षम. एकूण फायदा की तोटा, याचा निकाल त्यांना देता आला नाही. म्हणजे पहिल्या उद्गारात थोडं तथ्य आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण टोकियो पॅरालिंपिकमध्ये रेमने 8.18 मीटर उडी मारली आणि त्याच स्पर्धेत दुसरा आलेला ब्लेडवालाच खेळाडू 7.39 वर थांबला. स्प्रिंग दोघांकडेही होती. स्लो मोशनमध्ये रेमचं शेवटचं पाऊल नीट पाहा. ब्लेड फळीवर टेकतं, त्याचा बाक दबतो आणि शरीराचा भार अचूक त्याच्या रेषेत येतो. तो जरा बाजूला गेला तर परत येणारा धक्का पुढे ढकलण्याऐवजी अंग पिळून टाकेल. फळी चाचपायला त्याच्याकडे तळवा नाही, बोटं नाहीत. त्याला जे कळतं ते सॉकेटमधल्या, म्हणजे उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो तिच्यातल्या, दाबावरून.

आणि देवाची भरपाई? रेमचा पाय 2003 मध्ये, तो 14 वर्षांचा असताना, बोटीच्या अपघातात गेला. 8.72 मीटरची उडी वीस वर्षांनी आली. भरपाई म्हणावी तर ती एवढ्या सरावाच्या हप्त्यांनी झाली. कृत्रिम अवयव बनवण्याचं शिक्षणही त्याने घेतलेलं आहे.

जॉर्ज आयझरचं नावही इथे घ्यायलाच हवं. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये या जिम्नॅस्टने एकाच दिवसात सहा पदकं मिळवली, त्यातली तीन सुवर्ण. त्याचा डावा पाय लाकडाचा होता. लाकूड जवळपास काहीच परत करत नाही. 1976 मध्ये पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्सला तेव्हाचे कृत्रिम पाय सहन होईनात, म्हणून चित्त्याच्या मागच्या पायाचा बाक डोळ्यांपुढे ठेवून त्याने पुढे स्वतःच नवा पाय घडवला. आजची ब्लेडं तिथूनच आली.

भालाफेकीत तर स्प्रिंग नकोच असते. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय शेवटच्या पावलाला खुंट्यासारखा रोवला जातो. धावेचा वेग तिथे अडतो आणि कमरेतून, खांद्यातून भाल्यात उतरतो. तो पाय दबला की अंतर गेलंच. सुमित अंतिलला गुडघ्याखाली नाही तो नेमका हाच, डावा पाय. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्याने तोच रोवून 70.59 मीटर भाला फेकला.