अग्निशामकांची संरक्षक साधने : वापर आणि निगा

आग विझवताना व सुटकेचे काम करताना अग्निशमन दलाच्या जवानाचे उष्णता, ज्वाळा, विषारी धूर आणि कोसळणारे साहित्य यांपासून रक्षण करणारा पोशाख व उपकरणे म्हणजे संरक्षक साधने. अग्निरोधक कोट व विजार, डोके आणि मान झाकणारे हूड, हेल्मेट, हातमोजे, बूट आणि दलात ‘बीए सेट’ या नावाने ओळखला जाणारा श्वसनसंच यांचा त्यांत समावेश होतो. नव्या साधनाचे संरक्षण पुढे किती टिकेल हे त्याच्या किमतीपेक्षा निगेवर जास्त अवलंबून असते आणि मराठवाड्यात ही निगा कडक उन्हाळा व पाणीटंचाई सांभाळून राखावी लागते.

मराठवाड्यातील दलांना मिळणाऱ्या वर्द्या, म्हणजे आगीच्या व सुटकेच्या खबरी, एकाच प्रकारच्या नसतात. जिनिंग-प्रेसिंगमधील कापसाच्या गाठी, कडब्याच्या गंज्या, उसाचे फड, कृषी सेवा केंद्रांतील कीटकनाशके आणि वाळूज, शेंद्रा, जालना येथील कारखाने अशा निरनिराळ्या ठिकाणी जवानांना काम करावे लागते. वाळूज औद्योगिक वसाहतीत ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे हातमोज्यांच्या कारखान्याला लागलेल्या आगीत ६ कामगारांचा मृत्यू झाला. बंदिस्त इमारतीतील अशा आगीत ज्वाळांइतकाच धूरही घातक असतो.

अग्निरोधक पोशाखाचे साधारणपणे तीन थर असतात. बाहेरचा थर ॲरामिडसारख्या न वितळणाऱ्या तंतूंचा असतो, मधला थर बाहेरचे पाणी अडवतो पण घामाची वाफ जाऊ देतो, तर आतला थर उष्णता रोखतो. थरांमध्ये आणि थर व त्वचा यांच्यामध्ये अडकलेली हवादेखील उष्णता अडवते. त्यामुळे अंगाला घट्ट बसणारा पोशाख कमी संरक्षण देतो आणि वाकल्यावर कापड ताणले जाणाऱ्या गुडघ्या-खांद्यांवर भाजण्याचा धोका वाढतो. अस्तर घामाने किंवा पाण्याने भिजल्यास प्रखर उष्णतेत त्यातील ओलाव्याची वाफ होऊन त्वचा भाजू शकते. आत कृत्रिम धाग्याचे, वितळणारे कपडे घालू नयेत, हा नियम साधा असला तरी महत्त्वाचा आहे.

हाच पोशाख शरीराची उष्णताही कोंडून ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना, श्वसनसंचासह सुमारे २० किलो किंवा त्याहून अधिक वजन अंगावर घेऊन काम करणाऱ्या जवानाला आगीइतकाच उष्माघाताचाही धोका असतो. म्हणून काम पाळीपाळीने वाटून घेणे, पाळी संपताच सावलीत कोट उघडून पाणी पिणे आणि गंजीसारख्या उघड्यावरच्या आगीत पोशाख किती ठेवायचा हे धोका पाहून अधिकाऱ्याने ठरवणे आवश्यक असते.

बीए सेटमध्ये दाबाखालील शुद्ध हवा असते, ऑक्सिजन नव्हे. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाला सुमारे २,००० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर या गतीने ती ५० मिनिटे पुरेल असा हिशेब निघतो. परंतु जिना चढताना किंवा माणूस उचलून आणताना श्वास वाढतो आणि ही वेळ बरीच घटते. साधारण ५५ बारला वाजणारी शिट्टी ही बाहेर पडण्याची शेवटची सूचना असल्याने परतीचा हिशेब तिच्या आधीच करावा लागतो. दाढी वाढलेली असल्यास मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही. जुन्या विहिरीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरताना फिल्टरचा मुखवटा निरुपयोगी ठरतो, कारण तो हवा गाळतो, प्राणवायू पुरवत नाही. आग विझल्यानंतर धुमसणाऱ्या गाठी उपसतानाही कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. तरीही नेमक्या याच वेळी मुखवटा उतरवण्याचा मोह होतो.

धुराने माखलेला कोट हे शौर्याचे चिन्ह मानण्याची जुनी समजूत आता टाकून दिली पाहिजे. काजळीतील घटक त्वचेवाटे व श्वासावाटे शरीरात जातात आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायात होणाऱ्या घातक घटकांच्या संपर्काला मानवी कर्करोगाचे कारण म्हणून पहिल्या गटात स्थान दिले आहे. त्यामुळे मुखवटा चेहऱ्यावर असतानाच पोशाख ब्रशने झटकून कमी दाबाच्या पाण्याने धुवावा आणि पिशवीत बंद करून, जवान बसतात त्या केबिनपासून दूर ठेवून केंद्रात न्यावा. पाणी तुटपुंजे असेल तेथे कोरड्या ब्रशनेही बरीच काजळी निघते. पुढील धुलाई सौम्य साबणाने आणि ४० अंशांपेक्षा अधिक गरम नसलेल्या पाण्यात, घरच्या कपड्यांपासून वेगळी करावी. क्लोरीनयुक्त ब्लीच तंतू कमकुवत करते. उन्हातील अतिनील किरणांनीही ॲरामिडची ताकद घटते. म्हणून मराठवाड्यात ऊन मुबलक असले तरी पोशाख हवेशीर सावलीतच वाळवावा. कीटकनाशक मुरलेला पोशाख नेहमीच्या धुलाईत मिसळू नये. शिवाय आगीचा पोशाख म्हणजे रसायनरोधक पोशाख नव्हे.

हेल्मेटला जोराचा आघात झाल्यास किंवा तडा दिसल्यास ते बदलावे. बुटांचे तळ आणि हातमोज्यांची शिवण प्रत्येक वर्दीनंतर पाहावी.

भारतात पोशाखासाठी आयएस १६८९० आणि युरोपात ईएन ४६९ ही मानके आहेत. निगेविषयीच्या एनएफपीए १८५१ या अमेरिकी मानकाने वर्षातून किमान दोनदा सखोल धुलाई, एकदा सखोल तपासणी आणि निर्मितीपासून १० वर्षांनी पोशाख बाद करणे अशी अट घातली. लहान नगरपरिषदेच्या केंद्रालाही प्रत्येक संचाला क्रमांक देऊन निर्मिती, धुलाई व दुरुस्तीच्या तारखा नोंदवहीत ठेवता येतात. बाद झालेल्या कोटावर तशी ठळक खूण केली नाही, तर घाईच्या वर्दीत तोच पुन्हा अंगावर चढतो.